सत्याहत्तरची पाठ

आमच्या वस्तीवरून ओझरची धावपट्टी चार कोसांवर. लहानपणी विमान डोक्यावरून गेलं की आधी गाय कान टवकारायची, मग कुत्रं पळायचं आणि मग आम्ही पोरं वर बघायचो. तोवर विमान पार सप्तशृंगीच्या अंगाला गेलेलं असायचं. आवाज मागून यायचा. मागे राहिलेल्या त्या आवाजाकडे बघतच आमचं बालपण गेलं म्हणायला हरकत नाही.

सन 1962 मध्ये रशियाबरोबर मिग विमानांचा करार झाला. त्याच वर्षाच्या शेवटी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्याच वर्षी आमच्या नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. 1964 मध्ये ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहू लागला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि आतली विजेची यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. बाजरी-गहू पिकवणाऱ्या आमच्या भागातली पोरं आयटीआय करू लागली ती तेव्हापासून.

आमचे थोरले बंधू अण्णा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. 1967 मध्ये ते फिटर म्हणून कारखान्यात लागले. सकाळी सायकलवर डबा बांधून जायचे, दिवस मावळल्यावर यायचे. आत काय केलं ते बाहेर बोलायचं नाही, असा दंडक. आई विचारायची, "आज काय केलंस रे?" अण्णा म्हणायचे, "काम." एवढंच.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. ज्वारी काढल्यावर आम्ही पोरं धांडे सोलून आतलं पांढरं भेंड काढायचो आणि सालीच्या काड्या टोचून बैलगाडी करायचो. खेड्यातल्या ज्याने ती गाडी केली नाही असा माणूस विरळा. एकदा मी गाडीऐवजी विमान केलं. लांब भेंडाला दोन्ही बाजूंनी घारीसारखे पंख लावले आणि अण्णांना दाखवलं. त्यांनी ते हातात धरलं, इकडेतिकडे पाहिलं. मग एक शब्द न बोलता पंख काढले, सालीचे दोन त्रिकोण कापले आणि टोकं मागे करून बसवले. विमान माझ्या हातात दिलं आणि हात धुवायला गेले. आत ते काय करतात हे त्यांनी सांगितलं ते त्या एकाच वेळेला, आणि तेही न बोलता.

पुढे 1975 ला मी दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यातलाच मी. शिक्षण तिथंच थांबलं आणि शेती गळ्यात आली. पण विमानांचा नाद सुटला नाही. बांधावरच्या पांगाऱ्याचं लाकूड हलकं. सावंतवाडीची रंगीत खेळणी पूर्वी त्याच लाकडाची करायचे. मीही त्याचीच विमानं कोरायचो. पण ते लाकूड घासलं की बोंद्रं निघतात, धार येत नाही.

बाल्सा नावाचं लाकूड मी पहिल्यांदा पाहिलं ते नाशिकला, एनसीसीच्या एअर विंगच्या मुलांनी विमानांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या तिथं. एक फळी उचलली तर हातात काही आहे असंच वाटेना. धांड्याच्या भेंडालाच कोणी लाकूड केलंय असं वाटलं. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, मुख्य पीक इक्वेडोरचं. सहा-आठ वर्षांत तोडायला येतं. वजन सागाच्या जेमतेम चौथाई. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. तिकडचे लोक त्याचे तराफे करून समुद्रात जात. 1947 मध्ये थॉर हेयरडाल नावाचा नॉर्वेचा माणूस तसल्याच तराफ्यावर बसून पेरूहून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत गेला.

हे नुसतं खेळण्याचं लाकूड आहे असं समजू नये. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं मॉस्किटो नावाचं लढाऊ विमान होतं. त्याचं अंग दोन बाजूंनी पातळ प्लायवूड आणि मध्ये बाल्सा असं चिकटवून केलेलं होतं. 1940 मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि पुढे तशी सात हजारांवर झाली. आणि त्याच युद्धात अमेरिकेने शाळेतल्या पोरांकडून लाकडाच्या छोट्या विमानांच्या लाखो प्रतिकृती करून घेतल्या. माप 72 ला एक, म्हणजे सहा फुटांना एक इंच. रंग काळा. असं विमान पस्तीस फुटांवर धरलं की खरं विमान अर्ध्या मैलावर दिसतं तेवढं दिसतं. त्यावरून सैनिकांना शिकवायचे की हे आपलं आणि हे शत्रूचं. पोराच्या हातून पंखाचा आकार चुकला तर तोफेवरचा माणूस चुकणार. शोभेसाठी ठेवलेल्या प्रतिकृतीतही आकार नेमका का हवा, ते मला या गोष्टीवरून पटलं होतं. पटलं होतं असं मला वाटत होतं, असं म्हणू या.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, बातमी आली की 26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 ला कायमचा निरोप देणार. 1963 पासून बासष्ट वर्षं ते हवाई दलात होतं. आमच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी म्हणाले, "काका, काचेच्या कपाटात ठेवायला एक मिग करून द्या." मी मनात म्हटलं, हे अण्णांसाठीच करायचं. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नजर अधू झालीय. अडतीस वर्षं नोकरी केली, पण स्वतःच्या कामाचा एक फोटोसुद्धा त्यांच्याजवळ नाही. फोटो काढायला परवानगी होतीच कुठं?

पुतण्याने पुण्याहून बाल्साच्या पट्ट्या पाठवल्या, तीन फूट लांब, तीन इंच रुंद. फुटाला अर्धा इंच हे माप धरलं. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार साडेतेवीस फूट, म्हणजे माझा पावणेबारा इंच. सहा मिलिमीटरच्या नऊ पट्ट्या फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवल्या, वर पाट्याचा दगड ठेवून रात्रभर सोडल्या. सकाळी त्या ठोकळ्यावर आधी बाजूचा आकार काढून कापला, मग वरून दिसणारा. मग कोपरे मारत गोल केला. पुठ्ठ्याचे अर्धगोल कापून ठेवायचे आणि घासता घासता अंगाला लावून पाहायचे, कुठं फट दिसते का. बाल्साला पाती फार धारदार लागते. बोथट पातीने ते कापत नाही, चेंगरतं. अंगठ्याचा दाब पडला तरी खड्डा होतो. खड्डा झालाच तर पाण्याचा एक थेंब सोडायचा, लाकूड फुगून वर येतं.

पंखाच्या पट्टीचे दाणे पंखाच्या लांबीने धरायचे, नाहीतर टोक मोडतं. नाकातला सुळका पेन्सिलीच्या लाकडाचा केला आणि नाकावरची नळी पोती शिवायच्या सुईची. पॉलिश पेपर आधी 120 चा, मग 220, मग 400. लाकडाची भोकं बुजवायला सीलरमध्ये टाल्कम पावडर कालवून तीन हात दिले. बागेच्या औषधपाण्यातून सुटल्यावर रात्री बसायचो. अडीच महिने लागले. ही म्हणायची, "द्राक्षाच्या घडालासुद्धा तुम्ही एवढा हात लावत नाही."

रंग देण्याआधी अण्णांना दाखवायला नेलं. ओट्यावर बसले होते. मी विमान हातात दिलं. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागले. नाक, काच, पंख. बोटं काचेच्या मागे पाठीवर आली आणि थांबली.

"बाळू, हे सत्याहत्तर नाही रे."

मला कळेना. ते म्हणाले, "आमचं सत्याहत्तर होतं, एफएल. त्याची पाठ बारीक. ही जाड पाठ नंतरच्या विमानांची. हे बिस केलंस तू."

खरंच होतं. मी बातमीतला फोटो समोर ठेवून काम केलं होतं, आणि निरोप घेणारं विमान शेवटचं, बिस जातीचं होतं. ओझरला मिग-21 चे तीन प्रकार झाले. पहिलं एफएल, त्याला टाइप 77 म्हणतात. मग एम, म्हणजे टाइप 96. शेवटचं बिस, टाइप 75. पुढच्या प्रकारांत पाठ जाड होत गेली, बिसच्या पाठीत तर जास्तीचं तेल मावायचं. लांबून पाहणाऱ्याला सगळी मिगच.

"काय फरक पडतो अण्णा, शाळेतली पोरंच बघणार," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग बोलायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाठीचे रिव्हेट ते आणि त्यांचा जोडीदार मारायचे. एकाने बाहेरून गन धरायची, दुसऱ्याने आतून डॉली. मध्ये पत्रा, एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, ठोक्यावरून समजायचं. जोडीदार जाऊनही आता खूप वर्षं झाली. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर आपल्या मिगांनी हल्ला केला, ती सत्याहत्तर होती. "रेडिओवर सांगत होते तेव्हा मी ह्याच ओट्यावर होतो," म्हणाले.

मग हळू आवाजात म्हणाले, "मिग पडल्याची बातमी यायची ना, तेव्हा मी आधी विचारायचो, कोणत्या टाइपचं. तुम्हाला वाटायचं अण्णांना विमानांची आवड. मला आवड नव्हती रे. पोरगा कोणाचा गेला, आणि माझ्या हातचं तर नव्हतं ना, एवढंच मनात यायचं. बिस म्हटलं की जेवण जायचं. सत्याहत्तर म्हटलं की रात्रभर झोप नाही."

मला आठवलं. पेपरवाले मिगला उडती शवपेटी म्हणायचे. तसली बातमी वाचली की अण्णा ताटावरून उठायचे. वहिनी म्हणायच्या, पित्त झालं असेल. पित्त नव्हतं ते.

शेवटचं सत्याहत्तर 2013 च्या डिसेंबरात पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावरून निरोप घेऊन गेलं. त्या दिवशी अण्णांनी आमच्या घरी सगळ्यांना पेढे का वाटले होते, ते मला बारा वर्षांनी कळलं. आम्हाला वाटलं, नातवाचा काही निकाल लागला असेल.

मी विमान घरी आणलं. जाड पाठ करवतीने काढली, आतून खरवडून पट्टी बसवली आणि नवी बारीक पाठ घडवली. दर दोन दिवसांनी अण्णांकडे न्यायचो. ते डोळे मिटून बोट फिरवायचे. "अजून." परत घासायचं. "अजून थोडी." चौथ्या खेपेला बोट काचेपासून शेपटीपर्यंत न थांबता गेलं. काही बोलले नाहीत. विमान मांडीवर ठेवून बसून राहिले. चहा गार झाला.

आता ते शाळेच्या कपाटात आहे. गुरुजींनी चिठ्ठीवर नुसतं "मिग-21" लिहिलं होतं. मी ती बदलायला लावली. आता तिथं लिहिलंय, "मिग-21 एफएल, टाइप 77, बांधणी ओझर." खाली माझं नाव घालू का असं गुरुजींनी विचारलं, मी नको म्हटलं. अण्णांचं घालायला अण्णांनीच नकार दिला. म्हणाले, "एकट्याचं नाव कसं घालणार? डॉली धरणारा होता ना."

पाठीचा तो काढलेला जाड तुकडा मी फेकला नाही. अण्णा म्हणतात, बिसवरही आपल्याकडच्याच पोरांनी काम केलंय, त्यांचंही एक व्हायला पाहिजे. द्राक्षाची काढणी उरकली की बसतो.