तळटीप : ‘काटा आपला आपण जुळतो’

* हे अर्धेच खरे. बार्शीच्या बाजार समितीत ज्वारीचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढले की वजनाचा दाब विजेच्या संकेतात बदलणाऱ्या लोडसेलकडून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात. ते अंकांत उतरवणारी चिप तापमानागणिक किंचित सरकते, म्हणून तिला अधूनमधून ताळ्यावर आणावे लागते.

अशा काट्यांसाठीच बनलेली ॲनालॉग डिव्हायसेसची ‘एडी ७७३०’ घ्या. तिला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिच्या मोड रजिस्टरच्या वरच्या तीन बिटांत १०० लिहितो. चिप आपल्या इनपुटची टोके आतल्या आत जोडते आणि मिळालेले वाचन शून्य मानून २४ बिटांच्या ऑफसेट रजिस्टरमध्ये ठेवते. १०१ लिहिले की संदर्भ व्होल्टेजच्या आधाराने गेन, म्हणजे वाचनाचे प्रमाण, ठरतो. ‘रेडी’ पिन खाली येईपर्यंत मात्र थांबायचे; घाई केली की हाती कचरा.

संगणकाच्या डेटा-संकलन कार्डांतही हाच खेळ चालतो. लिनक्सवरच्या ‘कोमेडी’ ड्रायव्हरसोबत त्यासाठी वेगळा प्रोग्राम मिळतो.

पण या सगळ्यात पोते कुठे आहे? चिप स्वतःला तपासते. लोडसेल, पाटा, गुरुत्वाकर्षण यांचा तिला पत्ताच नसतो. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच बार्शीत आणला, तर तो क्विंटलमागे सुमारे ७५ ग्रॅम कमी दाखवेल. बार्शी दिल्लीपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ आणि उंचावर आहे, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी. ही तफावत काढण्यासाठी चिपला ११० आणि १११ हे आणखी दोन आदेश आहेत : आधी पाटा रिकामा, मग त्यावर प्रमाणित वजने. २००९ च्या वैधमापन कायद्याखालचा शिक्का प्रमाणित वजनांनी तपासल्यावरच बसतो. — संपा.