साष्टीच्या ओवीपासून देवाच्या दरबारापर्यंत

देवाचे गौरव म्हणजे काय, याची व्याख्या मला कोणी शिकवली नाही; ते कीर्तनातून कानावर आले. नगरच्या आमच्या मंडळीत कीर्तन असले की आजी टाळ घेऊन पुढे बसायची. यशयाने पाहिलेले उंच सिंहासन, शलमोनाच्या मंदिरात उतरलेला आणि याजकांना उभे राहू न देणारा ढग, हे सारे आम्ही बुवांच्या निरूपणात ऐकले. आता मी बंगळुरात, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. रविवारी दुपारी आम्ही काही मराठी कुटुंबे एका घरी जमतो आणि ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक उघडतो. हे गाणे इथवर आले कसे, याचा माग काढताना मी चारशे वर्षे मागे गेले.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्याने तिथल्या साष्टी तालुक्यात काढले. तो काळ चांगला नव्हता. 1567 मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले, आणि त्यांची प्रेते परत मिळवायला स्टीफन्स स्वतः गेला. राज्यसत्तेच्या जोरावर देवाचे गौरव वाढते, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. मी ख्रिस्ती आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते: ते गौरव देवाचे नव्हते, पोर्तुगालच्या राजाचे होते.

स्टीफन्सने त्याच मुलखात राहून दुसरे काम केले. बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती, आणि त्यांच्यासाठी आपल्या भाषेत नवे पुराण हवे, ही मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. त्याने ज्ञानोबा-एकनाथांची ओवी घेतली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. 1616 मध्ये राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते.

पुराण हा प्रकार या विषयाला फार शोभला, असे मला वाटते. मोशे देवाला म्हणतो, तुझे तेज मला दाखव. देव त्याला खडकाच्या कपारीत ठेवतो आणि जाताना फक्त पाठ दिसू देतो. पुढे तेच तेज बेथलेहेमच्या रानात, रात्री मेंढरे राखणाऱ्यांभोवती झळकते, आणि त्यांना खूण मिळते ती गव्हाणीत निजलेल्या बाळाची. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशू आपल्या गौरवाची वेळ आली म्हणतो, ती वधस्तंभाची वेळ असते. एवढा उतार एका वाक्याच्या सिद्धांतात पटत नाही. सिंहासनापासून गोठ्यापर्यंत आणि तिथून टेकडीवरच्या खांबापर्यंत ऐकणाऱ्याला पायरी पायरीने न्यावे लागते, आणि आपल्याकडे हे काम ओवीने आधीच करून ठेवले होते.

1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. पण जी कुटुंबे गोवा सोडून मंगळुराकडे गेली, त्यांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या. छापील जुन्या आवृत्त्या नाहीशा झाल्या. 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरातच पुराण पुन्हा छापून काढले, ते या हस्तलिखितांच्या आधाराने. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पहिला ग्रंथ आज आपल्याला वाचता येतो, याचे श्रेय आजच्या कर्नाटकातल्या कोकणी बोलणाऱ्या घरांकडे जाते. आमच्या रविवारच्या बैठकीला एक मंगळुरी शेजारीण येते. तिला मराठी बोलता येत नाही, ओवी मात्र समजते.

नगरची धारा वेगळी. 1831 मध्ये तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. तिथल्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, आणि नारायण वामन टिळकांनी त्याला अभंगाचा जिव्हाळा दिला. 1893 मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने टिळकांना नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. त्यांच्या काव्यात ख्रिस्त माउली होतो, आणि आजीचा देव मला तिथे नेमका सापडतो: ज्याच्यापुढे लोटांगण घालावे आणि ज्याच्या कुशीतही शिरावे. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

इलेक्ट्रॉनिक सिटी त्या मानाने कालची. 1978 मध्ये कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरच्या 332 एकरांवर ती वसवायला घेतली. इथे जो तो कामासाठी आलेला आणि दोनचार वर्षांत कुठे जाईल ते ठाऊक नसलेला. आमच्या मंडळीला स्वतःची इमारत नाही. मुले शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकतात, देवनागरी अडखळत वाचतात. म्हणून नाताळच्या तयारीला पुराणातल्या मेंढपाळांच्या ओव्या मी त्यांना रोमन लिपीत लिहून देते. राशोलच्या छापखान्यात 1616 साली पुराण याच लिपीत निघाले होते, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चालीचा. चाल शेजारणीला तिच्या आजोळची आठवते. यंदा तीच शिकवणार आहे.