'बॅरल' ते 'व्हाली' : एका माशाचं नाव बदललं त्याची गोष्ट

दर थोड्या दिवसांनी आपल्या किनाऱ्यावरचा एखादा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरतो. रापणीत किंवा ट्रॉलरच्या जाळ्यात एक अवाढव्य मासा अडकलेला असतो. काळपट अंगावर पांढरे ठिपके, रुंद चपटं तोंड. भोवती माणसांचा गराडा, कुणीतरी पोरगं पाठीवर चढून फोटो काढून घेतंय. आणि खाली लिहिलेलं असतं, "देवमासा सापडला!"

तो देवमासा नसतो हो. तो व्हेल शार्क असतो. आणि हा फरक फक्त शाळेतल्या पुस्तकापुरता नाही. त्यात कायदा आहे, तुरुंग आहे, जाळ्याचं नुकसान आहे, आणि आपल्या शेजारच्या राज्यात घडलेला पंचवीस वर्षांचा एक इतिहास आहे. आज तोच सांगायचाय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आधी माशाबद्दल थोडं.

देवमासा म्हणजे व्हेल. तो मासाच नाही, सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावं लागतं, पिल्लाला तो दूध पाजतो. व्हेल शार्क ही मात्र सरळसरळ मुशी. कल्ल्यांनी श्वास घेणारी, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेली. ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. मुशीची उभी असते, डावी-उजवी हलते.

आज जगात जिवंत असलेला सगळ्यात मोठा मासा हाच. १२ मीटरच्या आसपासचे तर नीट मोजून नोंदवलेले आहेत, त्याहून मोठ्यांच्याही नोंदी आहेत. म्हणजे एसटीच्या गाडीपेक्षा लांब. पण एवढ्या धुडाचं खाणं काय, तर प्लवंग, माशांची अंडी, बारीक कोळंबी, छोटी मासळी. तोंडात हजारो दात आहेत, पण तांदळाच्या कणीएवढे, चावायला निरुपयोगी. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांपाशी गाळायचं आणि उरलेलं गिळायचं, एवढंच त्याचं काम. माणसाला हा मासा काहीही करत नाही. पोहतो सावकाश, आणि बराच वेळ पाण्याच्या वरच्या थरात असतो. हा संथपणाच त्याच्या मुळावर आला.

आता गुजरातकडे वळू.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ, मांगरोळ, सूत्रापाडा, पोरबंदर या पट्ट्यात, व्हेल शार्क दरवर्षी येतात. तिथल्या मच्छीमारांना तो पिढ्यान् पिढ्या माहीत होता. पूर्वी त्याला मारायचे ते यकृतासाठी. ते यकृत प्रचंड मोठं, त्यातून तेल निघायचं आणि ते लाकडी होड्यांना लावायचं, म्हणजे लाकूड पाणी धरत नाही. बाकीचं धूड बहुतेक वेळा समुद्रातच फेकून द्यायचे. त्याला कोण खाणार?

नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. तैवानमध्ये या माशाच्या पांढऱ्या, मऊ मांसाला मोठी मागणी होती. तिथे त्याला 'टोफू शार्क' म्हणत. तिथल्या समुद्रात मासा कमी होत गेला आणि बाजाराची नजर बाहेर वळली. वेरावळात बर्फ होता, प्रक्रिया कारखाने होते, निर्यातीची व्यवस्था होती. ज्या माशाचं फक्त यकृत विकलं जायचं, त्याच्या मांसाला, परांना, सगळ्यालाच भाव आला. तो हंगामी धंदा झाला.

मारायची पद्धत ऐका. मोठा लोखंडी गळ माशाच्या अंगात रुतवायचा, दोराने त्याला रिकामी पिंपं बांधायची. मासा खाली बुडी मारायला जातो, पिंपं त्याला वर ओढतात. तासन् तास असं चाललं की तो दमतो. मग ओढत बंदराला आणायचा. या पिंपांवरूनच तिथे माशाचं नाव पडलं, 'बॅरल'. म्हणजे जनावराला नाव मिळालं ते त्याला मारायच्या हत्यारावरून.

१९९९ आणि २००० या दोन वर्षांत मिळून गुजरातच्या किनाऱ्यावर सुमारे ६०० व्हेल शार्क मारले गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आकडा तसा लहान वाटेल. हजारो टन मासळी उतरवणाऱ्या बंदराला ६०० म्हणजे काय?

इथेच या माशाचं जीवशास्त्र समजून घ्यावं लागतं. बांगडा-तारली वर्षा-दोन वर्षांत वयात येतात, लाखो अंडी घालतात. आपण कितीही पकडली तरी बऱ्यापैकी भरून निघतं. व्हेल शार्कला वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात. त्याच्या पुनरुत्पादनाबद्दल तर १९९५ पर्यंत जगाला धड माहिती नव्हती. १९५३ साली मेक्सिकोच्या आखातात एक मोठं अंडं सापडलं होतं, त्यावरून हा मासा अंडी घालतो असा समज झाला. मग १९९५ मध्ये तैवानमध्ये मच्छीमारांनी एक १०.६ मीटर लांबीची मादी मारली. तिच्या पोटात ३०० पिल्लं निघाली! काही अजून अंड्यात, काही बाहेर यायच्या बेतात. म्हणजे अंडी आईच्या पोटातच फुटतात आणि जिवंत पिल्लं जन्माला येतात.

शास्त्राला हे कळलं ते मारलेल्या मादीमुळे. आणि त्याच बाजारासाठी वेरावळात गळ रुतत होते. त्यातल्या किती माद्या होत्या, किती गाभण होत्या, कोण मोजणार होतं? तीस वर्षांनी वयात येणारा प्राणी एका हंगामात शेकड्यांनी काढला, की त्याचा हिशोब पुढच्या पिढीला चुकवावा लागतो.

ही कत्तल देशापुढे आणली माईक पांडे यांनी. 'शोअर्स ऑफ सायलेन्स' नावाचा त्यांचा माहितीपट २००० साली आला. त्याला वाइल्डस्क्रीन महोत्सवात पांडा पुरस्कार मिळाला, ज्याला लोक 'ग्रीन ऑस्कर' म्हणतात. लोकांनी पडद्यावर ते रक्ताने लाल झालेलं पाणी पाहिलं. २८ मे २००१ रोजी केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघ-हत्तीच्या रांगेत बसलेला हा भारतातला पहिला मासा.

यानंतरचं प्रकरण फारसं कुणी सांगत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

जुलै २००१ मध्ये सरकारने एका फटक्यात सगळ्याच मुशी आणि पाकट अनुसूचीत टाकले. म्हणजे कोळणीच्या पाटीतली साधी मुशीसुद्धा वाघाच्या बरोबरीची! किनाऱ्यावरून विरोध झाला, आणि तो रास्तच होता. डिसेंबरमध्ये सरकारला यादी आवरावी लागली. शेवटी १० जाती राहिल्या, त्यात व्हेल शार्क होता. धडा साधा आहे. दिल्लीत बसून कागद काढला म्हणून समुद्रातलं जाळं बदलत नाही.

व्हेल शार्कच्या बाबतीतही कायदा झाला, पण किनाऱ्यावर अनेकांना त्याची खबर नव्हती. ज्यांना होती त्यांना पटलेला नव्हता. का पटावा? अडकलेला मासा सोडायचा तर जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे वर्षाची कमाई, बहुतेक वेळा कर्जाची. कायदा म्हणतो मासा सोड, सावकार म्हणतो हप्ता दे.

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचं वनखातं यांनी मिळून मोहीम सुरू केली. त्यांनी पोलीस आणले नाहीत, कथाकार मोरारी बापूंना आणलं. बापूंनी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितलं, ही मासोळी म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली तुमची लेक आहे. माहेरी आलेल्या लेकीला कुणी मारतं का? आणि नाव दिलं 'व्हाली', म्हणजे लाडकी.

विज्ञानाच्या काटेकोर कसोटीवर ही उपमा किती टिकते हा वेगळा मुद्दा. पण माणसाच्या मनात ती बरोबर बसली. ज्याला कालपर्यंत 'बॅरल' म्हणत, त्याला लेकीचं नाव मिळालं. गावोगावी नाटकं झाली, मिरवणुका निघाल्या, हवा भरलेला मोठा व्हेल शार्क शाळांमधून फिरला. पोरबंदरसारख्या गावांनी त्याला आपलं मानचिन्ह केलं.

पण नुसत्या भावनेवर पोट भरत नाही, हेही त्यांनी ओळखलं. कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची सोय झाली. सुरुवातीला वनखात्याचा माणूस समुद्रात येऊन पाहीपर्यंत मासा जाळ्यात तडफडत राहायचा. मग मच्छीमारांच्याच हातात कॅमेरे दिले. फोटो काढ, जाळं काप, मासा सोड, पुरावा दाखव. म्हणजे सरकारने मच्छीमाराच्या शब्दावर विश्वास ठेवला. मला विचाराल तर खरा बदल इथे झाला. आजवर ९०० हून अधिक व्हेल शार्क गुजरातच्या मच्छीमारांनी स्वतःच्या हाताने सोडलेत. जे हात गळ रुतवत होते, बऱ्याच अंशी तेच हात.

आता आपल्याकडे या.

महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे. संरक्षित सागरी जीव जाळं कापून सोडला, फोटो-व्हिडिओ काढला, तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. कोकणातल्या अनेक मच्छीमारांनी व्हेल शार्क आणि कासवं सोडली आहेत. त्यांना मनापासून सलाम. पण बंदरावर दहा जणांना विचारा, किती जणांना अर्ज कुठे करायचा हे ठाऊक आहे? आणि मोठ्या जाळ्याची आजची किंमत बघता २५ हजारांत किती भागतं? २०१८ चा दर आजच्या सुताच्या भावाला पुरेल का, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा.

धोकेही बदललेत. हा मासा बराच वेळ पृष्ठभागाजवळ असतो, आणि आपल्या समोरून मोठ्या जहाजांचे मार्ग जातात. धडक बसून मेलेला व्हेल शार्क तळाशी जातो, त्याची नोंदही होत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०१६ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवलं आहे.

आणि जाता जाता एक टोचणारी गोष्ट. २००१ च्या त्याच यादीत करवतमासेही होते. त्यांना कुणी लेक म्हटलं नाही, त्यांच्यासाठी मिरवणूक निघाली नाही. कायदा तोच, तारीखही जवळपास तीच. आज आपल्या किनाऱ्यावर करवतमासा दिसणं जवळपास संपलंय. कागद दोघांनाही मिळाला होता, माणसं एकालाच मिळाली.

तेव्हा पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर 'देवमासा' म्हणून पुढे ढकलू नका. तिथे असाल तर पाठीवर कुणाला चढू देऊ नका. वनखात्याला कळवा, जाळं कापणाऱ्याचा व्हिडिओ काढून त्याला द्या, भरपाईसाठी तोच पुरावा आहे. आणि अर्ज भरायला हात द्या.

तुमच्या बंदरावर कुणी असा मासा सोडला असेल, तर खाली लिहा. भरपाई मिळाली का, किती दिवसांनी मिळाली, तेही लिहा. कारण 'व्हाली' हे नाव फुकट मिळालेलं नाही. कुणीतरी आपलं जाळं कापलं, तेव्हा ते खरं झालं.