चुकलेल्या नेमाचे मोल: बॉस्टन सेल्टिक्सचे पॉइंट गार्ड

बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघाकडून बॉब कूझी 1950 ते 1963 या काळात खेळला. त्याच्या कारकिर्दीतील फेकींची टक्केवारी 37.5 आहे. म्हणजे त्याने बास्केटच्या दिशेने फेकलेल्या दर आठ चेंडूंपैकी पाच वाया गेले. एकाही मोसमात त्याला 40 टक्क्यांचा उंबरठा ओलांडता आला नाही. आजच्या एनबीए स्पर्धेत असा नेम असणाऱ्या खेळाडूला संघात जागा टिकवणे कठीण जाईल. तरीही 1957 साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कूझीचीच निवड झाली आणि त्याच्या संघाने सहा विजेतेपदे मिळवली. हा विरोधाभास 'तो काळच वेगळा होता' एवढ्यावर मिटवता येतो. परंतु काळ वेगळा होता म्हणजे नेमके काय वेगळे होते, हे पाहिल्याखेरीज त्या विधानाला फारसा अर्थ उरत नाही.

पॉइंट गार्ड म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू पुढे नेणे, कोणी कुठे धावावे हे ठरवणे आणि योग्य क्षणी चेंडू योग्य हाती देणे, हे त्याचे काम. ज्या पासवरून सहकारी लगेच गुण मिळवतो त्याला 'असिस्ट' म्हणतात. कूझी सलग आठ मोसम या असिस्टच्या यादीत पहिला होता. त्याचे बॉस्टनमध्ये येणे हा मात्र निव्वळ योगायोग. वुस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाचा हा खेळाडू 1950 साली प्रशिक्षक रेड आउअरबाक यांना नको होता. त्यांनी त्याच्याऐवजी एक उंच सेंटर निवडला. कूझी ज्या शिकागो संघाच्या वाट्याला गेला तो संघच बंद पडला, तेथील तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या गेल्या, आणि सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांच्या हाती कूझीची चिठ्ठी आली.

आता त्याच्या टक्केवारीकडे पुन्हा पाहू. तो आला त्या मोसमात संपूर्ण लीगची सरासरीच 36 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे आरंभी कूझीचा नेम वाईट नव्हता, सर्वसाधारण होता. 1963पर्यंत लीग 44 टक्क्यांपर्यंत पोचली आणि तो मात्र जागच्या जागी राहिला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 1954 साली 24 सेकंदांत फेक करण्याचा नियम आला आणि खेळाला विलक्षण वेग आला. 1959-60च्या मोसमात सेल्टिक्स एका सामन्यात सरासरी सुमारे 120 फेकी करीत. आजचे संघ 90च्या आसपास करतात. फेकी इतक्या विपुल असताना एक चुकण्याची किंमत अल्प असते. त्यातही 1956 पासून बास्केटखाली बिल रसेल उभा होता. कारकिर्दीत सामन्यागणिक बावीसहून अधिक रिबाउंड घेणारा हा माणूस चुकलेला चेंडू पुष्कळदा पुन्हा आपल्याच संघाच्या हाती आणून देई. कूझीच्या चुकांचा भार रसेलने वाहिला, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण त्यात तथ्य आहे.

कूझीनंतर के. सी. जोन्स. त्याची टक्केवारी 38.7 आणि फ्री थ्रोची जेमतेम 65. फ्री थ्रो म्हणजे समोर कोणीही आडवे येत नसताना केलेली फेक, त्यामुळे तिथे सबब सांगायला जागा नसते. सामन्यागणिक त्याचे गुणही साडेसातच्या आतच. कूझीकडे निदान करामत होती, प्रेक्षक त्याच्यासाठी येत. जोन्सची ख्याती होती ती प्रतिस्पर्धी गार्डला जखडून टाकण्याची. 1959 ते 1966 अशी आठही सलग विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत, आणि त्यांतील शेवटची तीन कूझी निवृत्त झाल्यानंतरची. कूझी गेल्यावर संघ कोसळेल असे ज्यांना वाटले होते त्यांना उत्तर मिळाले ते त्याच्याइतकाच सुमार नेम असलेल्या खेळाडूकडून. मला या साऱ्या इतिहासात जोन्स हाच अधिक अभ्यसनीय वाटतो. आकड्यांच्या तक्त्यात तो जवळजवळ अदृश्य आहे.

क्रिकेटच्या परिभाषेत सांगायचे तर ही यष्टिरक्षकाच्या फलंदाजीसारखी गोष्ट आहे. मुंबईचे नरेन ताम्हाणे 1955 ते 1960 या काळात 21 कसोटी सामने खेळले. त्यांची फलंदाजीची सरासरी 10च्या आसपास होती, आणि त्याबद्दल कोणी त्यांना उणा रक्षक म्हटले नाही. गिलख्रिस्ट आणि धोनी यांच्यानंतर तीच सरासरी दोष ठरली असती. आकडा तोच, पण त्याच्याभोवतीची अपेक्षा बदलली.

बास्केटबॉलमध्ये हा बदल एका रेषेने घडवला. 1979-80च्या मोसमात एनबीएने मैदानावर तीन गुणांची रेषा आखली; तिच्याबाहेरून केलेल्या यशस्वी फेकीला दोनऐवजी तीन गुण. लीगमधील पहिली अशी फेक 12 ऑक्टोबर 1979 रोजी सेल्टिक्सच्याच ख्रिस फोर्डच्या नावावर नोंदली गेली. त्या मोसमात संघ सामन्याला तीनदेखील अशा फेकी करीत नव्हते. ती एक गंमत मानली जाई. त्यामुळे डेनिस जॉन्सन 1983 साली बॉस्टनला आला तेव्हा लांबून त्याचा नेम लागत नाही, याची कोणाला चिंता नव्हती. 1978च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात सिएटलकडून खेळताना त्याच्या चौदाच्या चौदा फेकी चुकल्या होत्या. पुढच्याच वर्षी तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 1984 आणि 1986ची विजेतेपदे सेल्टिक्सने मिळवली तेव्हा प्रशिक्षक होता के. सी. जोन्स. 26 मे 1987 रोजी डेट्रॉइटविरुद्ध अखेरच्या सेकंदांत लॅरी बर्डने चेंडू हिसकावला, तेव्हा जॉन्सन लांब उभा न राहता थेट बास्केटकडे धावला आणि एका गुणाने सामना जिंकून गेला.

राजॉन रॉंडोच्या वाट्याला ही उदारता आली नाही. 2008च्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिसच्या कोबी ब्रायंटने त्याला लांब मोकळे सोडले आणि स्वतः बास्केटजवळ गर्दी करण्यास मागे सरकला. मोकळे सोडणे हा इथे अपमान आहे आणि डावपेचही. ज्याची भीती नाही त्याच्यावर पहारा कशाला? परिणामी एका खेळाडूचा कच्चा नेम उरलेल्या चौघांची वाट अडवतो. कूझीची चुकलेली फेक त्याची एकट्याची होती. रॉंडोने न केलेल्या फेकीचीही किंमत पॉल पिअर्स आणि केविन गार्नेट मोजत होते. सहाव्या सामन्यात रॉंडोने वीस फेकी केल्या, त्यांतील बारा चुकल्या. पण 21 गुण, 8 असिस्ट आणि प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले 6 चेंडू, आणि सेल्टिक्स 131-92 असे विजेते. 2010-11च्या मोसमात त्याचे फ्री थ्रो 57 टक्क्यांवर घसरले. मग 2012 साली मायामीविरुद्ध याच माणसाने चोवीसपैकी सोळा फेकी साधून 44 गुण केले, आणि संघ हरला.

मार्कस स्मार्ट हा या परंपरेतला अखेरचा. 2015-16मध्ये रेषेबाहेरून त्याच्या चारपैकी एकच फेक साधत होती. तरी तो फेकत राहिला, आणि 2020 साली टोरंटोविरुद्ध एकाच चरणात त्याने पाच साधल्या. 2022 साली तो लीगमधील सर्वोत्तम बचावपटू ठरला. 1996 नंतर हा मान मिळवणारा तो पहिलाच गार्ड. त्याच वर्षी अंतिम मालिकेत त्याच्यासमोर होता स्टीफन करी, रेषेच्या कितीतरी बाहेरून सहज फेकणारा आणि बचावाला अर्ध्या मैदानापर्यंत ओढून नेणारा पॉइंट गार्ड. बॉस्टन 4-2 असे हरले. बचावपटूचा मान एकाकडे, मालिका दुसऱ्याकडे.

जून 2023मध्ये स्मार्टला मेम्फिसला पाठवण्यात आले. पुढच्या मोसमात सेल्टिक्सच्या गार्डच्या जागी डेरिक व्हाइट आणि जरू हॉलिडे होते, दोघेही बचावात तरबेज आणि दोघांनाही रेषेबाहेरून मोकळे सोडणे महाग पडणारे. संघ सामन्यागणिक बेचाळीसहून अधिक फेकी रेषेबाहेरून करू लागला. 17 जून 2024 रोजी त्यांनी विजेतेपद मिळवले. 2008चा तो सामनाही 17 जूनचाच.