स्कूबाचा साधा हार्नेस : निवड आणि जुळणी

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गाझियाबादचा पाणबुड्यांच्या साधनांशी संबंध असावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार २००६ मध्ये उभारण्यात आलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आठवी बटालियन याच शहरात आहे. (महाराष्ट्रातील पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे.) हिंडन नदी आणि १८५४ मध्ये सुरू झालेला गंगेचा वरचा कालवा याच जिल्ह्यातून वाहतात, मुरादनगरच्या घाटावर कालव्यात स्नानासाठी मोठी गर्दी होते. बुडालेल्याचा शोध अशा गढूळ, वाहत्या पाण्यात घ्यावा लागतो. तेथे हातभर अंतरावरचेही दिसत नाही आणि अंगावरील प्रत्येक वस्तू चाचपूनच शोधावी लागते. त्यामुळे हार्नेसची जुळणी हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

साधा हार्नेस म्हणजे पाठीवरील धातूची प्लेट आणि तिच्यातून ओवलेली सुमारे ५ सेंटीमीटर रुंदीची नायलॉनची एकच अखंड पट्टी. हीच पट्टी दोन्ही खांद्यांवरून येऊन कमरेभोवती बांधली जाते. दुसरी पट्टी मांड्यांमधून पुढे येते. कमरेला एक बकल, छातीवर दोन व डाव्या कमरेवर एक डी-आकाराची कडी एवढाच सरंजाम असतो. तुटण्याजोगे भाग कमी, हा त्याचा मोठा गुण. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या जाकिटासारख्या साधनात मऊ अस्तर आणि प्लॅस्टिकची बकले असतात. ते चढवणे सोपे, पण झिजणारे भागही अधिक.

प्लेट निवडताना वजनाचा विचार करावा. पोलादी प्लेट साधारण अडीच ते तीन किलोची, तर ॲल्युमिनियमची सुमारे एक किलोची असते. पोलादी प्लेट घेतल्यास कमरेवरील शिसे तेवढे कमी करता येते. तारकर्लीसारख्या ठिकाणी समुद्रात शिकलेल्या पाणबुड्याने कालव्यात उतरताना मात्र हिशेब पुन्हा मांडावा. खारे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असल्याने साधनांसह ९० किलो भरणाऱ्या व्यक्तीला गोड्या पाण्यात सव्वादोन किलोच्या आसपास वजन कमी लागते.

जुळणी नेहमी पाण्यात घालावयाच्या पोशाखावरच करावी. खांद्याच्या पट्ट्या आवळून बांधणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय. पट्टी आणि छाती यांच्यामध्ये मूठ सहज सरकली पाहिजे. अन्यथा हात बाहेर काढता येत नाही आणि मागे नेऊन सिलिंडरची चावीही फिरवता येत नाही. छातीच्या कड्या काखेच्या पातळीच्या किंचित वर, समोरच्या हाताने सापडतील अशा असाव्यात. कमरेचे बकल मध्यभागी न ठेवता थोडे उजवीकडे घ्यावे, म्हणजे मांड्यांमधील पट्टीच्या फासात अडकून ते उघडत नाही. ही पट्टी खाली बसताना ओढ बसणार नाही इतकी सैल आणि सिलिंडर डोक्याकडे सरकणार नाही इतकी घट्ट ठेवावी. पाण्याच्या दाबाने पोशाख दबतो व कमरेची पट्टी सैल पडते; म्हणून खोल पाण्यात ती पुन्हा ओढून घ्यावी लागते. पट्टीची जास्तीची लांबी पहिल्याच दिवशी कापून टाकू नये, ती चार-पाच बुड्या झाल्यावर कापावी.

या साधेपणाचा तोटाही आहे. अखंड पट्टीला खांद्यावर झटक्यात सुटणारे बकल नसते. मासेमारीच्या जाळ्यात किंवा बुडालेल्या दोरखंडात गुंतल्यास कमरेचे बकल उघडून आधी डावा हात सोडवावा लागतो. हा सराव डोळे बांधून जमिनीवर आणि नंतर तलावात पुनःपुन्हा करणे आवश्यक असते. कापण्याचे हत्यारही कोणत्याही एका हाताने निघेल अशा जागी हवे, आणि शक्यतो दोन असावीत.

काठावरील साथीदाराच्या हाती असलेला जीवनदोर या हार्नेसच्या कडीला बांधू नये. त्यासाठी खाली, अंगालगत स्वतंत्र छातीपट्टा घालावा लागतो. सिलिंडरसह सारे साधन सोडून देण्याची वेळ आली, तरी पाणबुडा दोरालाच राहतो आणि त्याला ओढून घेता येते.