जपानी स्पोर्ट्स कूपे नागपुरात सांभाळायची तर : कागद, पार्ट आणि इलेक्ट्रॉनिक्सचा हिशेब

नागपूर : दोन दारांची, बुटकी, लांब बोनेटची जपानी स्पोर्ट्स कूपे आता फक्त मुंबई-दिल्लीचा शौक राहिलेली नाही. निसानची झेड आणि जीटी-आर, टोयोटाची सुप्रा, माझदाची आरएक्स-७ ही नावे काटोल-सावनेरच्या पोरांनाही पाठ आहेत. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा मोकळा रस्ता दारात आला. अशा गाडीची सेकंडहँड जाहिरात दिसली की मोह होतोच. पण गाडी पळणार की वर्षभर ताडपत्रीखाली उभी राहणार, हे इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. गाडी मुळात कोणत्या देशासाठी बनली होती, यावर ठरते. कागद, पार्ट, रेडिओ, चावी, सगळे त्याच एका गोष्टीला बांधलेले असते.

आधी ओळख पटवा

भारतात दिसणाऱ्या जपानी कूपेचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार, कंपनीने स्वतः भारतात विकलेली गाडी. निसानने ३७०झेड २०१० मध्ये आणली. जीटी-आर २ डिसेंबर २०१६ ला आली, तेव्हा तिची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. लेक्ससची एलसी ५००एच २०२० मध्ये आली. या गाड्यांचे कागद सरळ असतात.

दुसरा प्रकार, खासगी आयातदाराने ब्रिटनसारख्या उजव्या स्टिअरिंगच्या देशातून आणलेली गाडी. तिसरा, खास जपानच्या बाजारासाठी बनलेली गाडी, जिला शौकीन मंडळी ‘जेडीएम’ म्हणतात.

तिसरा प्रकार ओळखण्याची सोपी खूण म्हणजे चेसी नंबर. जगभर १७ अक्षरी नंबर चालतो, पण जपानच्या घरगुती बाजारातल्या गाडीवर छोटा फ्रेम नंबर असतो. उदाहरणार्थ, १९९९ ते २००२ या काळातल्या स्कायलाइन जीटी-आरवर ‘बीएनआर३४’ आणि पुढे सहा आकडे. आरसीवर १७ अक्षरे आणि गाडीवर फ्रेम नंबर, किंवा याच्या उलट असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

जपानहून जुनी गाडी थेट आणता येते का?

अमेरिकेत २५ वर्षे जुनी गाडी मोकळेपणाने आणता येते, म्हणून तिथे जुन्या स्कायलाइन दिसतात. भारतात नियम नेमका उलटा आहे. सेकंडहँड गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. स्टिअरिंग उजवीकडे हवे, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा आणि गाडी पुढची किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असली पाहिजे. ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. नागपुरात कंटेनर डेपो असला तरी तिथे अशी गाडी सोडवता येत नाही. देशात आल्यावर तिची तपासणी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातील बुधनीची केंद्रीय संस्था यांच्याकडे होते.

जुन्या गाडीवर मूळ सीमाशुल्कच अनेक वर्षे १२५ टक्के होते, त्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे जपानमध्ये दहा लाखांना मिळणारी गाडी इथे दहा-बारा लाखांत पडते, हा समज सोडून द्यावा. ‘नव्वदच्या दशकातली सुप्रा, फ्रेश इम्पोर्ट, स्वस्तात’ अशी जाहिरात असेल तर कुठेतरी पाणी मुरते आहे, असेच समजायचे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवले. भूतानमार्गे आलेल्या आणि खोट्या कागदांवर इथे नोंदणी झालेल्या महागड्या गाड्या त्यात जप्त झाल्या. अशा कारवाईत गाडी जाते ती शेवटच्या मालकाच्या दारातून. पैसे घेणारा तोवर पसार झालेला असतो.

पासिंग, टॅक्स आणि पंधरा वर्षे

गाडी शहरातल्या मालकाची असेल तर एमएच ३१ किंवा एमएच ४९, ग्रामीण तालुक्यातली असेल तर एमएच ४० वर पासिंग होते. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे. कराची कमाल मर्यादा २० लाख होती, ती जुलै २०२५ पासून ३० लाख झाली.

दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथला कर कमी असतो. पण ती महाराष्ट्रात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी आणून इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. सौदा ठरवताना ही रक्कम धरूनच हिशेब करावा.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१० ची ३७०झेड आज घेतली तर नूतनीकरण दारातच उभे आहे. साध्या कारला त्याचे शुल्क ५,००० रुपये असते, आयात कारला एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये. गाडी २० वर्षांपुढे गेली की ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार आयात कारला ८०,००० रुपये.

पार्ट कुठून मिळणार?

इथे गाडीचे ‘नातेवाईक’ शोधावे लागतात. म्हणजे तेच इंजिन किंवा तोच पार्ट भारतात विकल्या गेलेल्या दुसऱ्या कोणत्या गाडीत आहे का, हे पाहायचे.

• टोयोटा जीआर सुप्रा (२०१९ नंतरची) : ही बीएमडब्ल्यू झेड४ ची सख्खी बहीण. दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे बनल्या. सहा सिलिंडरच्या सुप्रात बीएमडब्ल्यूचे बी५८ इंजिन आहे आणि त्याच घराण्याचे इंजिन चेन्नईत जोडल्या जाणाऱ्या एम३४०आय मध्येही आहे. त्यामुळे टोयोटाने सुप्रा इथे विकली नसली तरी इंजिनाचे बरेच पार्ट देशात मिळू शकतात.

• होंडा इंटेग्रा : तिचे के-सिरीज इंजिन भारतातल्या सीआर-व्ही २.४ च्या घराण्यातले. सेन्सर, गॅस्केटसारख्या काही वस्तू जुळू शकतात. कॅम आणि ईसीयू मात्र वेगळे.

• टोयोटा ८६ आणि जीआर ८६ : इंजिन सुबारूचे. सुबारूची भारतात विक्री नाही, म्हणून इंजिनाचा जवळपास प्रत्येक पार्ट बाहेरून मागवावा लागतो.

• माझदा आरएक्स-७, आरएक्स-८ : रोटरी इंजिन. माझदा भारतात नाही आणि रोटरी उघडून बसवणारा कारागीर गल्लीत मिळत नाही.

• निसान जीटी-आर : कंपनीने विकली, पण देखभालीसाठी खास केंद्र उभारले ते नोएडाला. नागपूरहून ते हजार किलोमीटरच्या वर आहे. २० इंची रनफ्लॅट टायर पुढे २५५ आणि मागे २८५ रुंदीचे, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये या मॉडेलचे जपानमधले उत्पादनही थांबले.

निसान आणि टोयोटाचा पार्ट नंबर पाच-पाचच्या दोन गटांत असतो. पहिला गट वस्तू कोणती ते सांगतो, दुसरा ती कोणत्या मॉडेलची ते. नुसते ‘झेडचा वॉटर पंप’ सांगून मागवला तर चुकीचा येतो आणि परदेशात परत पाठवणे परवडत नाही. जेडीएम गाडीचा पार्ट फ्रेम नंबरवरूनच काढावा. सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, तेवढा दिलासा आहे. सीमाशुल्क आणि कुरिअर मात्र वेगळे.

इंजिन बदलण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी आरटीओत विचारावे. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

इलेक्ट्रॉनिक्स : काय चालते, काय नाही

दिलासा आधी. जपानही डावीकडून चालणारा देश, त्यामुळे हेडलाइटचा झोत भारताला जुळतो. स्पीडोमीटर किलोमीटरचा आणि वायरिंग १२ व्होल्टचीच. बॅटरीचे जपानी माप, उदाहरणार्थ ५५बी२४एल, आपल्या दुकानांतही चालते. फक्त शेवटचे अक्षर नीट पाहावे. एल की आर यावर टर्मिनलची बाजू ठरते, आणि पुढे एस असेल तर टर्मिनल जाड असते.

रेडिओ : जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि जुन्या सेटवर ९० ला संपतो. नागपूरची ९१.१, ९४.३, ९८.३ ही स्टेशने त्यावर लागतच नाहीत. ‘बँड एक्स्पांडर’ नावाची छोटी डबी अँटेनाच्या वायरमध्ये जोडली की ती लागतात, पण आकडा चुकीचा दिसतो. एएम मात्र जसेच्या तसे चालते. आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ जपानी सेट सहज पकडतो.

स्क्रीन : नकाशा फक्त जपानचा, मेनू जपानी आणि टीव्ही ट्यूनर तिकडच्या पद्धतीचा. काही टोयोटा सेट बॅटरी काढली की कुलूपबंद होतात आणि कोड मागतात. म्हणून बॅटरी बदलताना विजेचा पुरवठा तुटू न देणे चांगले.

टोल : काचेजवळची ईटीसी डबी ५.८ गिगाहर्ट्झवर चालते, आपला फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. ती डबी इथे निरुपयोगी. फास्टॅग वेगळा लावावाच लागतो.

चावी आणि टायर सेन्सर : जपानी रिमोट साधारण ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास, भारतातल्या बहुतेक गाड्यांचे ४३३ वर. त्यामुळे इथला तयार रिमोट चालत नाही. घेतानाच दोन्ही चाव्या ताब्यात घ्याव्यात.

स्कॅनर : २००० च्या आधीच्या निसानमध्ये १४ पिनचे वेगळे सॉकेट असते. पुढच्या काही गाड्यांत १६ पिनचे असले तरी भाषा जपानी कंपनीची. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर ‘कनेक्ट होत नाही’ म्हणाला तर गाडी बिघडलीच असे नाही.

वेग : जपानी बाजारातल्या गाडीला बहुधा १८० किलोमीटरचे कुलूप असते. समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, त्यामुळे ते उघडण्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

पेट्रोल, ऊन आणि ब्रेकर

जपानच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉलची मर्यादा ३ टक्के आहे, इथे पंपावर २० टक्के. जुन्या जेडीएम गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते आधीच बदलून घ्यावेत. टर्बो गाड्यांना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते, जवळच्या कोणत्या पंपावर ते नियमित मिळते हे पाहून ठेवावे.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा रेडिएटर, पंखे आणि जुन्या वायरिंगची खरी परीक्षा होते. एप्रिलच्या आत कूलंट बदललेला बरा. आणि ब्रेकर : इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच असतो, जीटी-आरचे पोट जमिनीपासून सुमारे १०.५ सेंटिमीटरवर. गावच्या रस्त्यावरचे ब्रेकर मापाने बांधलेले नसतात, हे सांगायला नको.

टोकन देण्याआधी

१. बिल ऑफ एंट्रीची प्रत, आरसी आणि गाडीवरचा नंबर, तिन्ही जुळवून पाहा.
२. परिवहनच्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा आणि थकीत चलन तपासा.
३. नोंदणी कधी संपते ते पाहून ४०,००० किंवा ८०,००० चा आकडा सौद्यात धरा.
४. क्लच, ब्रेक पॅड, विंडशील्ड आणि हेडलाइट या चार वस्तूंचे दर आणि पोहोचण्याचे दिवस आधी विचारा. विंडशील्ड मिळत नसेल तर एका खड्यामुळे गाडी महिनोन् महिने उभी राहते.
५. विमा कंपनीकडून गाडीची ठरलेली किंमत आणि आयात पार्टचे संरक्षण लेखी घ्या.
६. गाडी ज्याच्या हाती देणार त्या मेकॅनिकला आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत नेऊन दाखवा.

यातल्या पहिल्याच मुद्द्याला विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला, तर पुढचे पाच पाहायची गरज उरत नाही.