ठग ते थग : एका शब्दाचा प्रवास
१/ काळा चष्मा आणि खाली 'थग लाइफ' अशी अक्षरे असलेल्या चित्रफिती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. हा इंग्रजी 'थग' मुळात आपलाच 'ठग'. परतला तो मात्र पुष्कळ बदलून.

२/ संस्कृतात 'स्थग्' म्हणजे झाकणे, लपवणे. 'स्थग' म्हणजे लबाड. त्यातून 'ठग' आला. मराठीतला ठग गोड बोलून फसवतो, जीव घेतोच असे नाही.

३/ चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो, की जलालुद्दीन खलजीने सुमारे हजार ठग पकडले आणि ठार न करता नावांतून बंगालकडे धाडले. पण केवळ नामसाम्यावरून त्यांना पुढील ठगांचे पूर्वज मानता येत नाही.

४/ खुनी ठगाची प्रतिमा ठसली ती कंपनी सरकारच्या काळात. वाटसरूंशी सलगी करून रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांविरुद्ध विल्यम स्लीमनने मोहीम उघडली. १८३६ च्या कायद्यानुसार एखादा इसम ठगांच्या टोळीत होता, एवढे सिद्ध झाले तरी सक्तमजुरीसह जन्मठेप होई. मग ते कायद्यापूर्वीचे का असेना! पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदारांचा. खून होत होते, यात शंका नाही. पण ठगांचा देशव्यापी पंथ होता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

५/ निजामाच्या चाकरीतील मेडोज टेलरची ठगावरील कादंबरी १८३९ साली लंडनला गाजली. त्याच सुमारास थॉमस कार्लाइलने ग्लासगोच्या कामगारांच्या हिंसाचारालाही हाच शब्द लावला. ठग आता हिंदुस्थानापुरता उरला नाही.

६/ अमेरिकेत तो 'गुंड' झाला. टुपाक शकूरच्या गटाने १९९४ च्या 'थग लाइफ' या अल्बममध्ये तो स्वतःहून मिरवला. २०१५ साली बाल्टिमोरच्या दंगलीनंतर ओबामांनी तो वापरला, तेव्हा हे कृष्णवर्णीय तरुणांना हिणवणे आहे, असा आक्षेप घेतला गेला.

७/ आपल्याकडे शब्द बदलला, रीत टिकली. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. तो शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विमुक्त जमातींना त्याची झळ आजही लागते. म्हणून जुन्या कागदांत 'ठग' दिसला, की प्रथम विचारावे : हे नाव त्याला दिले कोणी?